दोनशे युनिटांच्या आत गरम पाणी: बेळगाव भागातल्या घरांसाठी

हेस्कॉमचं, म्हणजे आपल्या वीज कंपनीचं, बिल कन्नडात येतं आणि आपल्यातले बरेच जण त्यातला फक्त शेवटचा आकडा बघून ते घड्याळामागं खोचून ठेवतात. गरम पाण्याची सोय बदलायचा विचार असेल तर दुकानात जायच्या आधी हेच बिल काढा. एकच नको, गेल्या बारा महिन्यांची काढा. कन्नड वाचता येत नसलं तरी हरकत नाही, आकडे नेहमीचेच असतात. प्रत्येक महिन्याला किती युनिट जळाले ते एका कागदावर ओळीनं लिहा.

असं का, ते सांगतो. २०२३ मध्ये कर्नाटकात गृहज्योती योजना आली. २०२२-२३ या वर्षातली तुमची महिन्याची सरासरी आणि तिच्यावर थोडी वाढ, एवढी वीज फुकट. त्यापेक्षा जास्त पण २०० च्या आत वापरलीत, तर वरच्या युनिटांचेच पैसे. पण २०० ओलांडले की त्या महिन्याची सूट गेली, पहिल्या युनिटापासून सगळं बिल भरायचं. म्हणजे २०० वर थांबलेल्या घराचं बिल थोडक्यात भागतं आणि २०१ वर गेलेल्या घराला बाराशेच्या वरचा आकडा येतो. एका युनिटाचा एवढा फरक.

आता चार माणसांच्या घरात नुसत्या आंघोळीच्या पाण्याला किती वीज लागते ते पाहू. वीस लिटरची बादली, नळाचं पाणी २० अंशांचं, ते ४० अंशांवर आणायला अर्ध्या युनिटाच्या किंचित कमी वीज लागते. यात कंपनी, स्टार, वॉरंटी काही आड येत नाही. पाण्याला तेवढी उष्णता लागतेच. चार बादल्यांना दिवसाला जवळजवळ दोन युनिट, महिन्याला साठ. गिझरच्या टाकीतून वाया जाणारी उष्णता धरली तर पासष्ट-सत्तर. दोनशेतला तिसरा हिस्सा मोरीतून वाहून जातो.

आधी कागदावरचं गणित

बारा महिन्यांचे आकडे लिहिलेत ना? आता त्यांत तीन प्रकारची घरं दिसतील.

ज्यांचे सगळे महिने १२०-१३० च्या आत आहेत आणि बिल शून्य येतं, त्यांनी पाणी तापवायच्या सोलरवर घाईनं वीस-पंचवीस हजार घालायची गरज नाही. सोलर विकणारा हे सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. फुकट मिळणारी वीज वाचवून तुमच्या खिशात काही येत नाही. वीज वाचवणं चांगलंच, पण कर्ज काढून नव्हे. अशांनी या लेखातला पाइप आणि बादलीचा भाग वाचला तरी पुरे.

ज्यांचे थंडीचे आणि पावसाळ्याचे महिने १८० ते २५० च्या मध्ये घुटमळतात, खरा फायदा त्यांचा आहे. गरम पाण्याचे पन्नास युनिट कमी झाले की पूर्ण बिलावरून थेट थोडक्या बिलावर येता येतं. तिसरी घरं म्हणजे बाराही महिने तीनशेच्या पुढची, एसी-पंपवाली. त्यांना गृहज्योतीचा विषयच नाही. त्यांनी युनिटला कर धरून सहा-सात रुपये वाचतात असा साधा हिशेब करावा. रोज दोन युनिट वाचले तर महिन्याला चारशेच्या आसपास. पावसाळा वजा केला तरी सहा-सात वर्षांत सोलरची किंमत निघते. चांगली टाकी त्याहून जास्त टिकते.

चंदगड, गडहिंग्लजकडच्या पाहुण्यांना हा हिशेब जसाच्या तसा सांगू नका. त्यांची वीज महावितरणची, तिथं गृहज्योती नाही.

मग बादल्या मोजा

आठवडाभर घरात कोण किती बादल्या आणि किती वाजता वापरतो ते बघा. सकाळी सहा ते आठ सगळ्यांच्या आंघोळी, शेतावरून आलेल्या माणसाची संध्याकाळची एक, म्हाताऱ्या माणसांना दुपारी हातपाय धुवायला थोडं. शॉवर असेल तर तो वेगळा लिहा. दहा मिनिटांच्या शॉवरला ऐंशी-शंभर लिटर पाणी जातं, म्हणजे चार-पाच बादल्या. कुठलंही यंत्र बदलण्याआधी शॉवरची बादली केली तरी निम्म्याहून जास्त काम झालं.

मोजायचं दुसरं कारण टाकीचं माप. दुकानदार चार माणसांना २०० लिटरची टाकी सुचवतो. पण सोलरचं पाणी ६० अंशांच्या आसपास असतं, त्यात तेवढंच थंड मिसळावं लागतं. म्हणजे १०० लिटरच्या टाकीतून २०० लिटर आंघोळीचं पाणी, दहा बादल्या. चार-पाच माणसांच्या बादलीवाल्या घराला १०० लिटर पुरतं. दिवाळीच्या अभ्यंगाला सगळं गोत जमतं म्हणून मोठी टाकी घेणारेही पाहिलेत. वर्षातल्या एका पहाटेसाठी कशाला? कन्नड शेजाऱ्यांच्या घरी नीरु तुंबुव हब्बाला, म्हणजे पाणी भरायच्या सणाला, आदल्या संध्याकाळी हंडा घासून, सजवून, भरून ठेवतात. त्या दिवशी आपणही माळ्यावरचा बंब खाली काढावा आणि पेटवावा.

तुमचं गाव कुठल्या बाजूला?

बेळगाव जिल्हा म्हणजे एक हवामान नव्हे. मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीला आणि जांबोटी, लोंढ्याकडं जूनपासून सप्टेंबरपर्यंत ऊन म्हणजे चैन. बेळगाव शहरातही जुलै-ऑगस्टमध्ये आभाळ आठवडा आठवडा उघडत नाही. उलट अथणी, रायबाग, रामदुर्गकडं पाऊस कमी, ऊन भरपूर. तिथं सोलर श्रावणातही बऱ्यापैकी चालतो. निपाणी, चिकोडी, हुक्केरी यांच्या मधले.

म्हणून शहरात आणि खानापूर तालुक्यात नेहमी ऐकू येणारं वाक्य, "सोलर बसवून काय करायचं हो, पावसात बंदच की!", अर्धं खरं आहे. पावसात दुसरी सोय लागतेच. पण ऑक्टोबर ते मे हे आठ महिने ऊन रग्गड, आणि त्यातच नोव्हेंबर ते फेब्रुवारीची थंडी येते, जेव्हा गरम पाणी सगळ्यात जास्त लागतं. घाटमाथ्याच्या अगदी जवळ, झाडीत घर असेल तर मात्र मी सोलरचा आग्रह धरणार नाही.

पाण्याचंही तसंच. शहराला राकसकोप आणि हिडकल या धरणांचं पाणी येतं, ते मऊ. पूर्वेकडच्या काळ्या रानातलं बोअरचं पाणी जड. तुमचं पाणी कसं आहे ते बघायला प्रयोगशाळा नको. चहाच्या पातेल्याच्या बुडाला पांढरी खपली धरते का, साबणाला फेस येतो का, नळाच्या जाळीत चुना साठतो का, एवढं बघा. धरत असेल तर पुढची निवड बदलते.

सोलर घेताना

दोन जाती आहेत. एक काचेच्या नळ्यांचा, ज्याला सगळे ट्यूबचा सोलर म्हणतात. दुसरा तांब्याच्या पाइपांवर काळा पत्रा आणि वर काच असलेला सपाट पेटीचा. ट्यूबचा स्वस्त, १०० लिटरचा साधारण वीस-पंचवीस हजारांत मिळतो, पाइपचं काम वेगळं. नळी फुटली तर तेवढीच बदलता येते. पेटीचा महाग, पण दणकट आणि जास्त वर्षं जाणारा. जड पाण्यात पेटीच्या तांब्याच्या बारीक पाइपांत चुना बसून ते चोंदतात. म्हणून अथणी-रायबागच्या बोअरच्या घराला ट्यूबचा, आणि नळाच्या मऊ पाण्याच्या घराला बजेट असेल तर पेटीचा, असं माझं मत आहे. खानापूर बाजूला माकडांचा उपद्रव असेल तर ट्यूबवर जाळी मारून घ्या, नाहीतर एका उडीत तीन नळ्या जातात.

टाकी आतून कशाची आहे ते विचारा. स्टीलची असेल तर कुठल्या ग्रेडची. जड, खाऱ्या पाण्यात ३०४ पेक्षा ३१६ एल टिकतं. काचेसारखा लेप दिलेली टाकी जड पाण्याला चांगली, पण तिच्यात मॅग्नेशियमचा एक दांडा असतो. पाण्यातले क्षार टाकीचा पत्रा खाण्याऐवजी हा दांडा खातात. तो झिजत जातो आणि काही वर्षांनी बदलावा लागतो. विकताना हे कोणी बोलत नाही. दांडा बदलला नाही तर त्यानंतर पाळी टाकीची येते.

अनुदानाच्या नावाखाली फसू नका. सोलर वॉटर हीटरवरचं केंद्राचं अनुदान २०१४ मध्येच बंद झालं. २०२४ मध्ये आलेली पीएम सूर्यघर योजना छतावर वीज तयार करणाऱ्या पॅनेलसाठी आहे, पाणी तापवणाऱ्या टाकीसाठी नाही. "साहेब, सबसिडी आपण काढून देऊ" म्हणणाऱ्याला कुठल्या योजनेतून ते कागदावर लिहून मागा. कर्नाटकात सोलर वॉटर हीटर असलेल्या घरगुती जोडणीला बिलात युनिटला ५० पैसे, महिन्याला जास्तीत जास्त ५० रुपये सूट देण्याची जुनी पद्धत आहे. बसवून झाल्यावर खरेदीची पावती आणि आर. आर. नंबर (बिलावरचा जोडणीचा नंबर) घेऊन आपल्या सेक्शन ऑफिसला विचारा.

निपाणीचे लोक कोल्हापूर, इचलकरंजीहून माल आणतात. दोन-तीन हजारांनी स्वस्त पडतो हे खरं. पण गळती झाली की तिथला माणूस नदी ओलांडून येईल का, ते आधी ठरवून घ्या. गावात किंवा तालुक्याला ज्याचा मेकॅनिक आहे, त्याच्याकडूनच घ्यावं.

बसवताना उभे राहून बघायच्या गोष्टी

इथं सगळं बिघडतं किंवा सुधारतं, म्हणून त्या दिवशी रजा काढा.

तोंड दक्षिणेला हवं. बेळगाव साधारण १५.८५ अक्षांशावर आहे, थंडीतलं ऊन जास्त मिळावं म्हणून नळ्यांचा उतार २५ ते ३० अंश ठेवतात. डिसेंबरात दुपारी बारालाही सूर्य बराच दक्षिणेला कललेला असतो. तेव्हा शेजाऱ्याच्या जिन्याच्या खोलीची किंवा नारळाची सावली कुठवर येते याचा अंदाज घ्या. मे महिन्यात जागा ठरवली तर हे लक्षात येत नाही.

गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा वर हवी, निदान फूटभर. साध्या सोलरमध्ये पंप नसतो. गरम पाणी हलकं होऊन वर चढतं आणि गार पाणी खाली उतरतं, त्यावरच सगळं चालतं. गच्चीवर सिंटेक्सची टाकी जमिनीलगत ठेवलेली असेल तर आधी तिच्यासाठी चौथरा बांधावा लागेल. हा खर्च कोटेशनमध्ये कधीच नसतो.

वजनाकडं बघा. शंभर लिटर पाण्याचंच शंभर किलो, वर टाकी, स्टँड, नळ्या. स्टँडचे पाय भिंतीवर किंवा बीमवर यायला हवेत. मंगळुरी कौलांच्या घरावर तर लोखंडी चौकट भिंतीवरून उचलून घ्यावी लागते, कौलांवर भार नको. वॉटरप्रूफिंग केलेल्या स्लॅबला भोकं पाडू देऊ नका, पाय सिमेंटच्या ठोकळ्यात बसवायला सांगा.

टाकीवर हवेचा उभा पाइप असतो, तो बंद करायचा नाही. उन्हाळ्यात पाणी उकळायला लागलं की वाफ तिथून जाते. थेंब उडतात म्हणून त्याला बूच लावून टाकी फुगवलेले लोक आहेत.

आणि पाइप. गरम पाण्याला साधा पांढरा पीव्हीसी चालत नाही, तो मऊ पडून वाकतो. सीपीव्हीसी घ्या. पाऊण इंची पाइपच्या एका मीटरमध्ये पाव लिटर पाणी मावतं. गच्चीवरून दोन मजले उतरून मागच्या न्हाणीपर्यंत वीस-पंचवीस मीटर पाइप गेला, तर रोज सकाळी आधी पाच-सहा लिटर गार पाणी येणार आणि तेवढंच गरम पाणी पाइपात राहून थंड होणार. म्हणून टाकी न्हाणीच्या वरच्या कोपऱ्यात आणा, शेवटचा फाटा अर्ध्या इंचाचा करा आणि उघड्या पाइपाला फोमचं वेष्टण घाला. काळं वेष्टण उन्हानं वर्षा-दोन वर्षांत भुरभुरीत होतं, त्यावर ॲल्युमिनियमची पट्टी गुंडाळा. पहिलं गार पाणी येईल ते बादलीत धरा, कपड्यांना होतं.

नळ्यांत पाणी भरायचं ते भल्या सकाळी किंवा ऊन उतरल्यावर. भर दुपारी तापलेल्या रिकाम्या नळीत गार पाणी सोडलं की ती तडकते. गावातला पाणीपुरवठा चार-पाच दिवसांनी येत असेल तर वरची टाकी कोरडी पडू देऊ नका. महिनाभर गावाला जाताना नळ्यांवर पोती टाकून जा.

पावसाळ्याची सोय

सोलरच्या टाकीतच दोन किलोवॉटची कॉइल बसवून देतात. ती कमीत कमी वापरा. एका माणसाच्या आंघोळीसाठी ती शंभर लिटर तापवत बसते आणि पावसात टाकी थंडही लवकर होते. दोनशेच्या हिशेबात बसायचं असेल तर न्हाणीत वेगळा छोटा गिझर हवा. १५ लिटरचा गिझर २० अंशांचं पाणी ६० वर आणायला पाऊण युनिटाच्या आत घेतो आणि त्यातून दीड बादली आंघोळीचं पाणी होतं. दोन किलोवॉटच्या कॉइलला वीस-पंचवीस मिनिटं लागतात. दिवा विझला की बटण बंद. एकामागून एक आंघोळी उरकल्या तर टाकीतली उष्णता वाया जात नाही. एक जण सहाला, दुसरा साडेनऊला, असं झालं की मधल्या वेळाची वीज वाया.

गिझर घेताना स्टारची पट्टी बघा. पाणी तापवायला सगळ्यांना सारखीच वीज लागते; पाच स्टारचा गिझर तापलेलं पाणी जास्त वेळ तसंच ठेवतो, फरक तेवढाच. लगेच बंद करणाऱ्या घराला तीन स्टारनंही फारसं बिघडत नाही. वायरिंग मात्र तपासून घ्याच. जुन्या गल्ल्यांतल्या घरांत अजून बारीक वायरवर गिझर चालतात. दोन किलोवॉटला नऊ अँपिअर प्रवाह लागतो. १६ अँपिअरचा पॉइंट, निदान अडीच एमएम वायर, नीट अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच. या शेवटच्या डब्यावर कोणी काटकसर करू नये. बादलीत सोडायचा रॉड हा शेवटचा उपाय. लोखंडी बादलीत तर नाहीच, आणि बटण बंद करून पिन काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही.

गॅस, बंब आणि बाकीचे

गॅस गिझर विजेच्या हिशेबात स्वस्त वाटतो. बादलीला पंचेचाळीस-पन्नास ग्रॅम गॅस, म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरात तीनशेच्या आसपास बादल्या. ज्यांचे युनिट दोनशेला टेकलेत त्यांना पावसाळ्यापुरता तो उपयोगी आहे. पण अट एकच, आणि ती न मोडण्याची: गिझर न्हाणीच्या बाहेर, उघड्या हवेत. बंद न्हाणीत ज्योतीला हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस गरगरून पडतो आणि कडी आतून लावलेली असते. दर थंडीत अशा बातम्या येतात. बाहेर जागा नसेल तर गॅस गिझर घेऊ नका, बस.

खेड्यात जळण घरचं आहे, शेणी आहेत, उसाचं पाचट आहे, तर बंब टाकायचं काही कारण नाही. तोही नीट चालवला तर कमी जळणात भागतो. मधली नळी काजळीनं भरली की उष्णता पाण्याला लागतच नाही. ती आठवड्याला साफ करा. बंब न्हाणीत न ठेवता पडवीत ठेवा, धूर बायकांच्या डोळ्यांत जातो तो थांबेल. नवी चूल घालणार असाल तर बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या 'अस्त्र' केंद्रानं तयार केलेल्या 'अस्त्र ओले' चुलीसारखी ('ओले' म्हणजे कन्नडात चूल), धुराड्याची घाला. चार-पाच जनावरं असतील तर गोबरगॅस आधी स्वयंपाकाला पुरवा. पाण्याला उरला तर उत्तम.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना गच्चीचा हक्क नसतो. त्यांच्यासाठी हीट पंप आहे. तो हवेतली उष्णता ओढून पाण्याला देतो, एका युनिटात तीन युनिटांचं काम होतं. आपल्याकडं कडाक्याच्या थंडीतही पारा सहसा दहाच्या खाली जात नाही, त्यामुळं तो बाराही महिने चांगला चालतो, पावसातही. किंमत मात्र सोलरच्या तीन-चार पट आणि बाहेरच्या पंख्याचा आवाज. एका घराला परवडणं अवघड. दहा-बारा फ्लॅटांनी किंवा हॉस्टेलनं मिळून घेतला तर हिशेब बसतो. भाडेकरूंनी यात काही न पडता चांगला १५ लिटरचा गिझर घ्यावा आणि घर सोडताना काढून न्यावा.

वर्षातून दोनदा

मृगाच्या आधी गिझरची कॉइल आणि अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, सेफ्टी व्हॉल्व्हची पिन हलवून बघा. जड पाण्याच्या घरात याच वेळी कॉइलवरची खपली काढा. जाड थर बसलेली कॉइल पाण्याऐवजी स्वतःच तापते आणि जळते. दसऱ्याच्या आसपास पाऊस ओसरला की नळ्यांवरचं शेवाळ आणि धूळ सकाळच्या गारव्यात ओल्या फडक्यानं पुसा, टाकीच्या तळाचा नळ उघडून गाळ सोडा, नळीच्या तोंडाची रबरी रिंग गळते का ते बोट फिरवून बघा. आणि नोव्हेंबरचं बिल आलं की गेल्या नोव्हेंबरच्या बिलाशेजारी ठेवून युनिट ताडून बघा. निदान तीस-चाळीसनं उतरले नसतील तर मेकॅनिकला बोलवा, आणि तो यायच्या आधी सोलरच्या टाकीतली कॉइल कोणी चालूच ठेवलेली नाही ना, तेवढं एकदा बघून घ्या.